वही, सारीपाट आणि संगणक

गोमाईकांठच्या शहाद्याला लागून असलेल्या लोणखेडा गांवीं आमच्या धाकट्या बंधूंचें घर आहे. ऊस, केळी, पपई व कापूस यांवर या परिसराचा संसार चालतो, आणि येथील लहानमोठ्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहून देणें हा बंधूंचा व्यवसाय. पूर्वीं हे हिशेब लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लिहिले जात. आतां ते संगणकावर लिहिले जातात. घरांत संगणक एकच. दिवसा त्यावर बंधूंचें काम चाले. संध्याकाळीं शाळेंतून आलेला आमचा बारा वर्षांचा पुतण्या त्याच यंत्रावर खेळे. कांहीं वर्षांपूर्वीं मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत असें घडलें कीं, एका नव्या खेळाला यंत्रांत जागा पुरेना, तेव्हां मुलानें आपल्या समजुतीप्रमाणें एक मोठें व निरुपयोगी दफ्तर पुसून टाकलें. तें तीन व्यापाऱ्यांच्या वर्षभराच्या हिशेबाचें होतें. प्रत होती, पण ती पांच आठवड्यांपूर्वींची. बंधूंनीं सहा रात्री जागून पावत्यांवरून सारें पुन्हां लिहिलें. मुलाला शब्दांचा मार बसला, संगणक कपाटांत कुलूपबंद झाला, आणि पुढले कित्येक दिवस तो मुलगा बापाशीं बोलेनासा झाला.

आम्हीं त्या वेळीं बंधूंचीच बाजू घेतली होती. पुढें या विषयाचा थोडा इतिहास वाचण्यांत आला, आणि आपला निवाडा चुकला असें वाटूं लागलें. कामाच्या यंत्रावर खेळ हा प्रश्न आमच्या घरांत उपजलेला नाहीं. तो जवळजवळ संगणकाइतकाच जुना आहे, आणि त्याचें उत्तरही बरेंच जुनें आहे. तें उत्तर कसें सांपडलें, आणि आमच्या घरापर्यंत पोंचण्यापूर्वीं वाटेंत कसें हरवलें, हें वाचकांपुढें मांडावें असा या लेखाचा हेतु आहे.

खान्देशांतील जुन्या व्यापारी घराची रचना ज्यांनीं पाहिली आहे त्यांना पुढील चित्र सहज आठवेल. दर्शनी भागांत पेढी, तेथें गादी, तक्क्या आणि समोर उतरत्या झाकणाची पेटी, पेटींत वह्या. रोजमेळांत दिवसाची नोंद व्हावयाची आणि तेथून ती खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर जावयाची. दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नव्या वहीची पूजा होई, यावरूनच तिचें घरांतील स्थान ध्यानांत येईल. मुलाला गादीवर बसावयास मिळे तें बापाच्या मांडीवर. वहीला हात लावावयास मिळे तो हिशेब शिकूं लागल्यावर. पण म्हणून मुलाच्या खेळाला बंदी होती असें नाहीं. ओसरीवर सारीपाट मांडलेला असे, अंगणांत विटीदांडू असे, रेघोट्या ओढावयास पाटी असे. पाटीवर कितीही लिहिलें आणि कितीही पुसलें, तरी वहींतील एक आंकडा हालत नसे. या व्यवस्थेला कोणीं अविश्वास म्हटलें नाहीं. पेढी आणि ओसरी यांमधला उंबरठा तें काम मुकाट्यानें करीत होता.

संगणक घरांत आला तेव्हां हा उंबरठा राहिला नाहीं. वही, पाटी आणि सारीपाट हीं तीनही एकाच पडद्यावर आलीं, आणि एका बाजूचें पुसतांना दुसऱ्या बाजूचें पुसलें जाऊं लागलें.

आरंभींच्या संगणकांपुढें मात्र हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० सालीं कामाला लागला. त्या काळच्या असल्या यंत्रावर एका वेळीं एकाचेंच काम चाले. ज्याची पाळी त्याचें यंत्र, पाळी संपली कीं दुसऱ्याचें. परंतु माणूस विचार करीत बसला म्हणजे एवढें महागडें यंत्रही स्वस्थ बसे. हा अपव्यय टाळावा म्हणून अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एक युक्ति काढली आणि नोव्हेंबर १९६१ मध्यें ती चालवून दाखविली. यंत्रानें प्रत्येकाला क्षणाचा अंश द्यावा आणि इतक्या झपाट्यानें एकाकडून दुसऱ्याकडे वळावें कीं, प्रत्येकाला तें आपलेंच वाटावें, अशी ही योजना होती. यंत्र सामाईक होतांच दुसरा प्रश्न उभा राहिला: यंत्र सर्वांचें, पण लिहिलेलें कोणाचें? म्हणून प्रत्येकाला एक नांव व एक परवलीचा शब्द देण्यांत आला, आणि ज्याचें लिखाण त्याच्या नांवाखालीं राहूं लागलें. पेढीवरची खतावणी ती हीच. आज मराठींत या व्यवस्थेला आपण ‘खातें’ म्हणतों, तें अर्थाच्या दृष्टीनेंही अगदीं योग्य आहे.

ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून निर्दोष होती असें मात्र नाहीं. १९६२ सालीं ॲलन शेर नांवाच्या तेथील संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वांट्याचा यंत्रवेळ अपुरा पडूं लागला, तेव्हां त्यानें सर्वांच्या परवलींची यादीच यंत्राकडून छापवून घेतली आणि इतरांच्या नांवावर काम चालविलें. ही कबुली पुढें त्यानें स्वतःच दिली. पुढें एकदां याहून चमत्कारिक प्रकार घडला. लिखाणाची दुरुस्ती करणारा कार्यक्रम काम चालूं असतांना एक तात्पुरती नोंद ठेवी, आणि तिचें नांव नेहमीं एकच असे. त्या जागीं एका वेळीं एकच माणूस बसेल, असें गृहीत धरलें होतें. एके दिवशीं दोघे व्यवस्थापक एकाच वेळीं बसले. एक परवलींची यादी दुरुस्त करीत होता, दुसरा सर्वांना दाखवावयाची सूचना लिहीत होता. दोघांच्या नोंदींची अदलाबदल झाली, आणि जो जो यंत्रावर आला त्याला सूचनेच्या जागीं सर्वांच्या परवली वाचावयास मिळाल्या! येथें कोणाचाही हेतु वाईट नव्हता. चुकलें होतें तें गृहीत. आमच्या घरीं मार्च महिन्यांत जें घडलें, तें याहून फार निराळें होतें असें आतां आम्हांला वाटत नाहीं.

आतां खेळाकडे वळूं. कामाच्या यंत्रावर खेळणें हा कांहीं आजच्या मुलांनीं लावलेला शोध नव्हे. त्याच तंत्रसंस्थेंत १९६१ सालीं पीडीपी-१ नांवाचें यंत्र आलें, आणि १९६२ सालीं स्टीव्ह रसेल व त्याचे मित्र यांनीं त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. पडद्यावर दोन अवकाशयानें, मध्यें त्यांना ओढून घेणारा तारा, आणि दोघांचा एकमेकांवर मारा, असें त्याचें स्वरूप. यंत्र संशोधनाचें होतें आणि खेळणारे तरुण होते. पण यंत्र बनविणाऱ्या कंपनीलाच तो खेळ पुढें यंत्राच्या परीक्षेसाठीं उपयोगी पडला.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंतील केन थॉम्पसन यांनीं सूर्यमालेंतून यान चालविण्याचा एक खेळ लिहिला. मोठ्या यंत्रावर त्याचा एक डाव खेळावयाचा तर सुमारें ७५ डॉलर किंमतीचा यंत्रवेळ खर्चीं पडे, असें त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनीं नमूद केलें आहे. तेव्हां थॉम्पसन यांनीं फारसें कोणी वापरीत नसलेलें एक लहान यंत्र हुडकून काढलें आणि खेळ तिकडे नेला. त्या खटाटोपांत त्या यंत्राची जी जवळून ओळख झाली, तिच्यावरच पुढें युनिक्स ही पद्धति उभी राहिली. आज जगांतील असंख्य मोठीं यंत्रें आणि आपल्या खिशांतील बहुतेक फोन ज्या पद्धतींवर चालतात, त्या याच घराण्यांतल्या. खेळ महागांत पडतो म्हणून त्याला मनाई करणें हाही एक मार्ग होता. तो न धरतां त्याला वेगळी जागा मिळाली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

युनिक्समध्यें प्रत्येक लिखाणाला धनी असतो. तें कोणीं वाचावें व कोणीं बदलावें हें ठरलेलें असतें. आणि सर्वाधिकार एका व्यवस्थापक-खात्याकडे असतो. विद्यापीठांतून ही पद्धति पसरली तेव्हां तिच्याबरोबर खेळही गेले, पण त्यांच्यासाठीं एक स्वतंत्र कप्पा असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेंतून निघालेल्या आवृत्तींत तर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खेळांवर नेमलेला एक राखणदार कार्यक्रमच होता. कोणत्या वेळीं खेळ चालावेत, यंत्रावर कामाचा भार किती झाला म्हणजे ते थांबावेत, हें व्यवस्थापकानें लिहून ठेवावें आणि राखणदारानें तें पाळावें. ओसरीवरच्या सारीपाटाचा जुना न्याय यंत्राला लागू झाला तो असा.

एवढें सारें ठाऊक असतांना तें आमच्या घरीं कां पोंचलें नाहीं? याचें कारण वैयक्तिक संगणकाच्या जन्मांत आहे. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आणलेल्या यंत्रावर जी डॉस पद्धति चाले, तिच्यांत खात्यांची कल्पनाच नव्हती. यंत्र एका व्यक्तीचें, मग कुलूप लावावयाचें कोणाविरुद्ध? ज्यानें कळ दाबली तो सर्वाधिकारी. त्या काळच्या कित्येक खेळांत एक विशेष कळ ठेवलेली असे. साहेब येतांना दिसला कीं ती दाबावयाची, म्हणजे खेळ लपून पडद्यावर खोटा हिशेबाचा तक्ता उमटे! खेळ वेगळा ठेवण्याचें साधन नाहींसें झालें, तेव्हां तो लपविण्याचें साधन निघालें, हें मनुष्यस्वभावाला धरूनच झालें. १९९० पासून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ येऊं लागला, आणि मुलांना दटावणारीं वडील माणसेंही कामाच्या पडद्यावर पत्ते मांडूं लागलीं. २००१ सालीं निघालेल्या विंडोज एक्सपीनें घरगुती यंत्रावर स्वतंत्र खातीं सुलभ केलीं. पण यंत्र मांडतांना जीं खातीं उघडलीं जात तीं सर्वाधिकारीच असत, आणि त्यांना परवलीचा शब्दही सक्तीचा नसे. म्हणजे खोल्या झाल्या, पण प्रत्येकाच्या हातीं साऱ्या घराच्या किल्ल्या! २००७ सालीं बाजारांत आलेल्या व्हिस्टामध्यें मुलाच्या खात्याला वेळेची मर्यादा घालण्याची व त्याला कोणते खेळ खुले असावेत हें ठरविण्याची सोय झाली. बर्कलेच्या राखणदाराला घरांत यावयास सुमारें वीस वर्षें लागलीं.

आमच्या भागाचा कालक्रम याच्याशीं जुळवून पाहण्यासारखा आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा झाला. त्याच वर्षीं तिकडे वारणा परिसरांत सहकारी साखर कारखान्याच्या आधारानें सुमारें सत्तर गांवें संगणकांनीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला गेला. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें, २००२ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, आणि तालुक्यातालुक्यांतून असंख्य माणसें प्रथमच संगणकापुढें बसलीं. आमचे बंधूही त्यांतलेच. लिहिणें, तक्ते करणें, बेरजा घेणें हें सारें ते शिकले. घरच्या यंत्रावर चौघांचीं चार खातीं असावींत, हें मात्र त्यांच्या किंवा आमच्या मनांत कधीं आलें नाहीं.

या संदर्भांत आमच्याच तालुक्यांतील एक घटना आठवते. २९ सप्टेंबर २०१० रोजीं शहादा तालुक्यांतील टेंभली या लहानशा गांवीं पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितींत देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले. शिधापत्रिका कुटुंबाची असते; आधाराचा बारा आंकडी क्रमांक एकेकाचा, तान्ह्या मुलालाही तो निराळा मिळतो. या क्रमांकाविषयीं मतभेद झाले, आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या वापराला मर्यादाही घातल्या. तो वाद येथें नको. आम्हांला एवढेंच दिसतें कीं, शेजारच्या गांवीं एकेका माणसाला वेगळें ओळखण्याचा आरंभ झाला, तरी आमच्या घरांतला संगणक शिधापत्रिकेसारखाच राहिला होता; नांव कुटुंबप्रमुखाचें आणि वापर सर्वांचा.

मग २०२० सालची साथ आली. मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या, कचेऱ्या घरांत शिरल्या, आणि ज्या घरीं एकच यंत्र होतें तेथें तेंच शाळा, तेंच कचेरी व तेंच क्रीडांगण झालें. मुलांच्या खेळाविषयींची काळजी त्या काळांत घरोघर वाढली, आणि काळजी वाढली कीं मनाईचा विचार प्रथम सुचतो. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून पबजी या खेळासह शंभरावर परदेशी ॲपें बंद केलीं. तेव्हां अनेक पालकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मुलें थोड्याच दिवसांत दुसऱ्या खेळांकडे वळलीं. दक्षिण कोरियानें २०११ सालीं सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत संगणकावरील ऑनलाइन खेळ बंद केले होते. दरम्यान खेळ फोनवर गेले, आणि २०२२ च्या आरंभीं तो कायदा रद्द झाला. चीननें २०२१ सालीं अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीचा दिवस एवढ्याच दिवशीं रात्रीं आठ ते नऊ असा एक तास ठरवून दिला. आपल्याकडे २०२५ च्या कायद्यानें पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी केली, ती जुगारापासून माणसें वांचविण्यासाठीं, आणि ती योग्यच आहे. परंतु बापाची वही व मुलाचा सारीपाट निराळे ठेवणें, हें काम कोणत्याही सरकारला करतां यावयाचें नाहीं. आमच्या घरचाच अनुभव सांगावयाचा तर, संगणक कपाटांत गेला तेव्हां खेळ थांबला नाहीं. तो शेजारच्या मित्राच्या फोनवर, आमच्या नजरेआड चालूं राहिला.

वेगळें खातें म्हणजे नेमकें काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्याचीं तीन अंगें आहेत. पहिलें, लिखाणाची मालकी: मुलाच्या खात्यांतून बापाचीं दफ्तरें दिसतच नाहींत, मग पुसलीं जाणार कोठून? दुसरें, अधिकार: नवीन कार्यक्रम यंत्रांत घालणें किंवा यंत्राची मांडणी बदलणें हें व्यवस्थापक-खात्याकडे असावें, तें खातें निराळें असावें, आणि रोजच्या कामाला बापानेंही तें वापरूं नये. तिसरें, वेळ: कोणत्या दिवशीं किती वेळ, हें एकदां ठरवून यंत्राला सांगितलें म्हणजे रोजची कटकट टळते. पण या उपायाला मर्यादाही आहेत. चकती एकच असते. प्रचंड खेळांनीं ती भरली तर काम अडतें. यंत्र बिघडलें तर दोघांचेंही जातें. म्हणून कामाची प्रत रोज निराळ्या चकतीवर घ्यावी आणि ती चकती यंत्रापासून काढून ठेवावी. सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द मुलाला ठाऊक असेल, तर खातें असून नसल्यासारखेंच. ज्याच्या ऐपतींत असेल त्यानें एखादें जुनें यंत्रच खेळासाठीं निराळें द्यावें. थॉम्पसन यांनीं तेंच केलें होतें.

यावर कोणी म्हणतील कीं, घरांत अशीं कुलपें लावणें म्हणजे पोटच्या मुलावर अविश्वास दाखविणें होय. हा आक्षेप आम्हांलाही प्रथम पटला होता. तो कसा नाहींसा झाला, तें सांगून हा लेख संपवितों.

पावसाळा लागल्यावर एके दिवशीं आम्हीं पुतण्याला जवळ बसवून विचारलें, "तूं अप्पांशीं अजून नीट बोलत कां नाहींस?" बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "काका, मागच्या दिवाळींत अप्पांनीं माझें शहर पुसलें. दोन वर्षें बांधत होतों मी. त्यांना वाटलें, कचरा आहे. तेव्हां कोणी रात्र जागलें नाहीं." एका खेळांत त्यानें विटेवर वीट ठेवून एक शहर उभारलें होतें, पूल, बाजार, नदी, सारें. यंत्र मंद चालतें म्हणून बंधूंनीं एका सकाळीं तें काढून टाकलें होतें, आणि काढल्याचें त्यांच्या स्मरणांतही नव्हतें.

म्हणजे मुलानें मार्च महिन्यांत जें केलें, तेंच बापानें नोव्हेंबरांत केलें होतें, आणि दोघांचीही समजूत एकच होती कीं, आपण निरुपयोगी वस्तु पुसतों आहों. फरक इतकाच कीं, एकाचें पुसलेलें साऱ्या घरानें मोजलें आणि दुसऱ्याचें कोणाच्याच हिशेबीं आलें नाहीं. वेगळें खातें बापाची वही राखतें, तसेंच मुलाचें शहरही राखतें. आम्हीं ही हकीकत बंधूंना सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत. पण त्याच रात्रीं त्यांनीं कपाटांतून संगणक काढला आणि मुलाला शेजारीं बसवून त्याच्या नांवाचें खातें उघडलें. परवलीचा शब्द त्यानें टंकला, तेव्हां बंधूंनीं मान दुसरीकडे फिरविली. खेळाची वेळ दोघांनीं मिळून ठरविली, आणि शेवटीं बंधु म्हणाले, "तुझें शहर गेलें, तें माझ्या हातून गेलें. यापुढें तुझ्या खात्याला मी हात लावणार नाहीं."

आमच्या घरीं आतांही संगणक एकच आहे. तो सुरू झाला म्हणजे पडद्यावर दोन नांवें येतात. मुलगा आपल्या नांवावर जातो, बंधु आपल्या. आणि मुलगा पुन्हां शहर बांधतो आहे, असें ऐकतों.